चादरीचा चौथा कोपरा

आमच्या भागात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, आणि भरतकाम तिच्या हातात होतं. माझ्या हातात काहीच नाही. झंपराचं बटण तुटलं तर मी आजही शेजारणीच्या दारात जाते. तरी आयुष्यात एक कोपरा मी भरला आहे, हातभर लांब, हातभर रुंद. त्याचीच ही हकीकत. गोड नाही, आधीच सांगून ठेवते.

गाव दरेकशाच्या स्टेशनापासून दीड कोसावर. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, मागे डोंगर आणि जंगल, मधून गेलेली रेल्वे. इंग्रज जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या गावाला त्याचा पत्ता शाळेत झेंडा लागायचा त्या दिवशीच लागे, कारण त्या दिवशी लाडू मिळे. घरी माय, बाबा, बाई आणि मी. दोघींच्या मधली दोन भावंडं लहानपणीच गेली होती. शेती पोटापुरती होती, दावणीला दोन म्हशी होत्या.

बाई रोज सकाळी स्टेशनमास्तरांच्या घरी दूध घालायला जायची. मास्तरीणबाई उत्तरेकडची, हिंदी बोलणारी, मूलबाळ नाही, आणि दिवसातून चार गाड्या सोडल्या तर बघायलाही काही नाही. तिनं बाईला बसवून घेतलं आणि टाके शिकवले. साखळीचा टाका, दांडीचा टाका, गाठीचा टाका. लाकडी रिंग दिली, सुया दिल्या. एक छापील नमुन्यांचं पुस्तक होतं, त्यात गुलाबाच्या परड्या, समोरासमोर बसलेले पोपट, मोर. मास्तरीणबाईचा एकच नियम होता. भरून झालं की ती कापड उलटं करायची. "उलटा दिखाओ बिटिया, सीधा तो सब दिखाते हैं." मागच्या बाजूला गाठ दिसली की उसवायला लावायची.

वर्षभर बाईनं गुलाब भरले. मग एक दिवस सोडून दिले. मायनं विचारलं, "काऊन वो, गुलाब काऊन नाही भरत आता?" बाई म्हणाली, "म्या गुलाब पाह्यलाच नाही माय. पाह्यलाच नाही तं भरू कसा?" खरंच होतं. आमच्या पंचक्रोशीत गुलाबाचं एक रोप नव्हतं. मायनं कपाळाला हात लावला.

मग बाई जंगल भरायला लागली. उन्हाळ्यात आम्ही मोहफुलं वेचायला जायचो. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून ठेवायचा, म्हणजे काळ्या जमिनीवर फुलं दिसतात. उजाडता उजाडता जायचं आणि ऊन चढायच्या आत टोपली भरायची. बाकीच्या बायका मोह घेऊन घरी जात. बाई ओटीत आणखी काहीबाही घेऊन येई. पळसाची फुलं, धायटीची डहाळी, कुसुमाची लाल पालवी, बहाव्याचा घोस. अंगणात सावलीला बसून ती एकेक फूल ओलं करून लडीशेजारी धरायची आणि रंग जुळेपर्यंत मान हलवत राहायची. बाबा धान घेऊन गोंदियाच्या गिरणीवर गेले की येताना लड्या आणत, पण बाजारातला रंग तिला पुरत नसे. मग ती पळसाची फुलं तुरटी घालून उकळी आणि पांढऱ्या लड्या त्यात बुडवून दोरीवर वाळत घाली. गावातल्या बायका हसत. म्हणत, "हिचं डोकं उन्हानं फिरलं."

तिच्या आंदणाची म्हणून दसूतीची, दुहेरी सुताच्या जाड कापडाची, एक मोठी चादर आणली होती. तिच्यावर तिचा सबंध उन्हाळा गेला. मधोमध डोंगर, वाळल्या गवताचा पिवळा, जळल्या जमिनीचा काळा, त्यातून जाणारी रुळांची रेघ आणि शेवटी बोगद्याचं काळं तोंड. चार कोपऱ्यांना चार झाडं. पळस, मोह, बहावा. चौथ्या कोपऱ्यात कुडा यायचा होता. कुड्याचं फूल पांढरं, आणि चादरही पांढरी. बाई म्हणायची, पांढऱ्यावर पांढरं डोळ्याला दिसत नाही, खालच्या हाताला कळावं लागतं. रिंगच्या खाली जो डावा हात असतो, सुई वरून येते ती त्या हाताच्या बोटांना लागते, तेव्हा टाका कुठे पडला ते समजतं. चौथा कोपरा ती सारखा पुढे ढकलायची. मला वाटायचं, कंटाळा करते. मी लहान होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

माझं काम सुईत दोरा ओवायचं. नऊ-दहा वर्षांची असेन. एका दुपारी बाई पळसाच्या पाकळ्या भरत होती आणि मी शेजारी बसून बोरकूट खात होते. तिनं दोरा ओढला तर कापड हातून सुटेना. तिनं पुन्हा ओढला. मी वाकून खाली पाहिलं तर डाव्या हाताची करंगळी कापडासकट शिवली गेली होती. सुई मांसातून आरपार गेली होती, आणि बाई वरून तशीच ओढत होती. मी किंचाळले. बाईनं रिंग उलटी केली आणि बोटाकडे बघत बसली. खूप वेळ बसली. तिचा चेहरा मला आजही दिसतो, आणि मी तो तेव्हाच का वाचला नाही याचा राग येतो. पण नऊ वर्षांच्या पोरीला काय वाचता येणार?

मग ती हसली. दोरा कापला, बोट सोडवलं आणि म्हणाली, "मले दुखतच नाही. मंतर आहे माझ्यापाशी."

"खोटं."

"टोचून पाह्य ना."

मी टोचलं. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. कापडावर रक्ताचा थेंब पडला होता, त्याच्यावर तिनं पळसाची एक जास्तीची पाकळी भरून टाकली. त्या दिवसापासून तो आमचा खेळ झाला. मी तिच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला सुई टोचायची आणि ती दुसरीकडे बघत गाणं म्हणायची. एकच अट होती. "कोनाले सांगू नको. सांगशील तं मंतर सुटते."

घरात मात्र सगळ्यांना तिचं कौतुक. चुलीवरचं गंज, म्हणजे पातेलं, ती फडकं न धरता उतरवायची. हाताला फोड आला तर दुसऱ्यानं दाखवल्यावर तिला कळायचं. माय चारचौघींत सांगायची, माझी पोर एवढी सोशिक की विस्तवाला भीत नाही. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता, तो उन्हाचा म्हणून माय त्याला कडुनिंबाचं तेल चोळायची. आम्ही चार माणसं एका घरात राहत होतो, एका ताटात जेवत होतो, आणि एकालाही काही कळलं नाही. सोशिक मुलगी म्हणजे भाग्याची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

पुढच्या वैशाखात तिरोड्याचे पाहुणे तिला बघायला आले. मोठी शेती, पक्कं घर, मुलगा सातवी पास. अशी जागा पुन्हा यायची नाही असं बाबा चार दिवस आधीपासून म्हणत होते. बाईला अठरा पुरी झाली होती, गावाच्या हिशेबानं उशीरच. मुलगा आला नव्हता, तशी रीत नव्हती. मुलाचा बाप, मामा आणि आत्या आले होते. पुरुष ओसरीवर बसले. आत्या आत आमच्यात आली. अंगानं ठसठशीत, आवाज भरदार, नजर सुपातले खडे वेचावेत तशी एकेक गोष्ट वेचणारी.

आमच्याकडे पाहुणीच्या पुढे पाण्याआधी मुलीच्या हातचं काम ठेवतात. मायनं बाजेवर चादर अंथरली. मी दाराला टेकून उभी होते आणि आत्याच्या तोंडाकडे बघत होते. ती आता 'वा' म्हणेल, याची मला एवढी खात्री होती की मी आधीच हसत होते.

आत्यानं चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाली, "हे काय? पळस? पळस कोनी चादरीवर भरते काय? पत्रावळीचं झाड ते. आन् हे मोहाचं दिसते. तुमच्या पोरीले गुलाब नाही येत?"

"येते ना," माय घाईघाईनं म्हणाली. "पयले गुलाबच भरे."

"मग हे जंगल कायले? आन् हा कोपरा रिकामाच आहे. अर्धं काम टाकून देते का पोरगी?"

बाई पदर ओढून खाली मान घालून बसली होती. माय गडबडली आणि तिनं आपला हुकमी पत्ता काढला. "काम टाकनारी नाही जी आत्याबाई. लय सोशिक आहे. चुलीवरचं गंज हातानं उतरवते. सुई बोटात गेली तरी हूं की चूं नाही."

"असं?" आत्या म्हणाली. तिच्या आवाजात अजून चेष्टाच होती.

ती चेष्टा मला सहन झाली नाही. माझ्या बाईच्या पळसाला पत्रावळ म्हणणारी ही कोण? माझं डोकं तेव्हाही असंच होतं, तापलेल्या तव्यासारखं. मी धावत गेले, चादरीच्या रिकाम्या कोपऱ्यात टोचून ठेवलेली सुई उपटली, बाईचा डावा हात पदराखालून ओढून काढला आणि करंगळीत सुई खुपसली. अर्धी आत गेली.

"पाहा!" मी म्हणाले. "माझ्या बाईले दुखतच नाही!"

बाईनं हात ओढून घेतला नाही. ओढला असता तर बरं झालं असतं. पण तिला कळलंच नव्हतं की सुई आत गेली आहे. रक्ताचा थेंब फुगला आणि ओघळला, तेव्हा तिनं खाली पाहिलं.

आत्याच्या तोंडावरची चेष्टा गेली. ती पुढे सरकली आणि अगदी मऊ आवाजात मला म्हणाली, "बेटा, बाजूच्या बोटात टोच बरं."

मी टोचलं. मला वाटलं, आता हिची खात्री पटते आहे.

"आता त्या दुसऱ्या हाताले."

मी उजवा हात धरला, आणि सुई नुसती लागली तशी बाईनं "स्स" करून हात झटकला. आत्यानं मान हलवली. मग तिनं बाईची डावी बाही कोपरापर्यंत वर केली. स्वतःच्या हातानं नाही, माझ्याकडून करवली. चट्टा पाहिला. उठली, लुगडं झटकलं आणि अंगणात जाऊन हातावर पाणी घेतलं. एकदा घेतलं, मग पुन्हा घेतलं. माय अजून हसत होती.

"गाडीची येळ झाली," आत्या ओसरीवर जाऊन म्हणाली. गाडीला तीन तास होते. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या, चहाला कुणी तोंड लावलं नाही. बाबा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि परत आले तेव्हा ओळखू येत नव्हते. आत्याच्या सासरी कुणीतरी याच रोगानं गेलं होतं, हे नंतर कळलं. तिनं तिथे काही बोलून दाखवलं नाही. बोलायचं ते तिनं गाडीत बोललं, आणि आठ दिवसांत ते सबंध मुलखात पसरलं.

मी बाईकडे पाहिलं. ती रागावली असती तर मी रडले तरी असते. ती चादरीची घडी घालत होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "बाई, मंतर सुटला का?" मी विचारलं. ती म्हणाली, "हो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. हात तिचा होता, दाखवला मी.

गोंदियाच्या डॉक्टरांनी मी केलं तेच केलं. डोळे मिटायला सांगितलं आणि सुईनं ठिकठिकाणी टोचलं. मग बाबांना म्हणाले, महारोग आहे. दोन-तीन वर्षांपासून असावा. आता गोळ्या निघाल्या आहेत, रोग थांबेल, पण बोटांतलं जे गेलं ते परत यायचं नाही. वर्षभर आधी आणायची होती, असंही म्हणाले. त्या वर्षभरात मी किती वेळा ती सुई टोचली असेल. मला हसू यायचं आणि ती गाणं म्हणायची. तिला ठाऊक होतं की नव्हतं? करंगळी शिवली गेली त्या दुपारी तिला निदान संशय तरी आलाच असणार. कुणाला सांगितलं तर काय होतं हेही तिनं पाहिलं होतं. पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, एक महारोगी म्हातारा नाल्याकाठी एकटा राहायचा आणि पोरं त्याला दगड मारायची. त्या पोरांत मीही असे.

गाव चार दिवस गप्प होतं, मग आमच्या विहिरीवर कुणी येईना. शाळेत माझ्या शेजारची मुलगी उठून दुसरीकडे बसली. गावातली जाणती माणसं ओसरीवर येऊन बसली आणि बाबांना हळू आवाजात सांगून गेली. तुमचं वाईट व्हावं असं कुणाला वाटत नाही म्हणाले. वाईट करायला येणारी माणसं नेहमी असंच म्हणतात. बाईला खळ्यावरच्या झोपडीत ठेवलं. सगळा पावसाळा ती तिथे होती. माय पळसाच्या पानांवर भात नेऊन द्यायची आणि जेवण झालं की बाई पानं जाळून टाकायची. मला जायची मनाई होती. मनाई नसती तरी मी गेले नसते. मला भीती वाटत होती, हे लपवून काय उपयोग आहे?

तिचे कपडे, वाकळ, रिंग, लड्या, सगळं अंगणात जाळायचं ठरलं. मायनं एकेक वस्तू आणून आगीत टाकली. चादर तेवढी तिच्यानं टाकवली नाही. रात्रीतून कधीतरी तिनं ती धानाच्या ढोलीत तळाशी लपवली. मला ठाऊक होतं, कारण माझी नजर मायच्या मागे असायची.

श्रावणात माझ्या मानेवर एक चट्टा आला. फिकट, खाजणारा. मी तो कुणाला दाखवला नाही. आरशात बघायची आणि सुईनं टोचून बघायची. दुखायचं. तरी विश्वास बसायचा नाही. ती चादर घरात आहे म्हणून हे आलं, असं माझ्या डोक्यानं घेतलं. एका दुपारी माय बांधीत धानाच्या रोवणीला गेली होती. मी ढोलीत उतरले, चादर काढली, परसात नेली आणि तिच्यावर कंदिलातलं रॉकेल ओतलं. चांगली जळली. पळस, मोह, बहावा, डोंगर, बोगदा. रिकामा कोपरा सगळ्यांत शेवटी गेला, कारण तो मी हातात धरला होता.

मायला संध्याकाळी परसात राख दिसली. तिनं मला मारलं नाही. खरकटी भांडी घेऊन घासायला बसली आणि एकच गंज बराच वेळ घासत राहिली. मानेवरचा चट्टा शिबं होतं. लिंबू चोळून पंधरा दिवसांत गेलं.

दसऱ्यानंतर बाबा बाईला घेऊन गेले. दूर, दोन गाड्या बदलून जावं लागे अशी महारोग्यांची वसाहत होती, तिथे. मास्तरीणबाईची तोवर बदली झाली होती. मी स्टेशनावर गेले नाही. आमच्या परसातून गाडी बोगद्यात शिरताना दिसे, तेवढी पाहिली.

नंतरची बारा वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यांत सांगण्याजोगं मी काही केलं नाही. आमच्या घरी पुन्हा कुणी मुलगी बघायला आलं नाही. मी शिकले, ट्रेनिंग केलं आणि तिरोड्याला प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. ज्या गावचे पाहुणे उठून गेले त्याच गावात त्यांच्या पोरांना मी पाढे शिकवले. त्यांच्यातल्या एकदोघांना जरा जास्त छड्या बसल्या असतील. माय गेली. बाबा वर्षातून दोनदा बाईला भेटून येत. येऊन सांगत, रोग थांबला आहे, तिथे भाजीच्या वाफ्यांवर काम करते. बोटं मात्र झिजली, भाजतं ते कळत नाही ना.

बाईची पत्रं येत. ती चौथी शिकलेली, अक्षर मोठं. प्रत्येक पत्रात खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी तेच एक वाक्य. 'चादरीचा चौथा कोपरा राहिला आहे. माझ्याच्याने आता होणार नाही. तो तू भर.' चादर पेटीत ठेवली आहे, असं बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय? मी उत्तरात लिहायची, सुट्टीत भरते. बारा वर्षं मी सुट्टीत भरत होते.

मग बाबा थकले. पुढच्या वेळी तूच जा म्हणाले. नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही. मी बाजारातून पांढरं कापड आणलं, रिंग आणली आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी येऊन बसले. कुडा फुलला होता. फांदी तोडून समोर ठेवली आणि पांढऱ्यावर पांढरा टाका घालायला लागले. वरून खरंच काही दिसत नाही. खालची बोटं सांगतील तिथे सुई काढायची. माझी बोटं काही सांगत नव्हती, ती फक्त रक्त काढत होती. करंगळी, शेजारचं बोट, पुन्हा करंगळी. सुई लागली की मी ओरडायची आणि बाबा ओसरीवरून विचारायचे, "काय झालं?" मी सांगायची, काही नाही. तिनं हा कोपरा सारखा पुढे का ढकलला ते मला त्या सुट्टीत समजलं. मला शहाणपण असं उशिरानंच येतं.

दीड महिन्यात एक झुबका झाला. पाच फुलं, सात पानं. सबंध चादर घेऊन येणं गाडीत जमलं नाही, म्हणून कोपराच कापून आणला, असं सांगायचं मी ठरवलं. थापही माझ्या भरतकामासारखीच होती.

वसाहतीत कडुनिंबाखाली एक बाकडं होतं, तिथे ती आली. चेहरा माझ्या बाईचाच, जरा जाड झालेला. हात पदराखाली. मग मी पिशवीतून तो तुकडा काढला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

तिनं हात बाहेर काढले. डाव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंतच होती, बाकीची आत वळलेली. दोन्ही तळव्यांमध्ये धरून तिनं तुकडा उचलला आणि गालाला लावला. डोळे मिटून गालावरून फिरवला. फुलं मोजली असावीत, कारण म्हणाली, "पाच आहेत." मग मास्तरीणबाईची सवय. उलटा केला. गाठीच गाठी होत्या.

"हे दसूती नाही," ती म्हणाली. "आपली चादर दसूतीची होती."

मी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळायला लागले.

"जाळली ना?"

"हो."

"मायनं?"

मायनं म्हटलं असतं तर खपलं असतं. माय जिवंतही नव्हती. "नाही," मी म्हणाले. "मायनं लपवून ठेवली होती. म्या काढून जाळली."

ती माझ्याकडे बघत राहिली. पंगतीला बोलावल्याची घंटा झाली, लोक उठून गेले, तरी आम्ही तिथेच. मी केलं ते सगळं मला एकदम सांगायचं होतं, सुईचं, आत्याचं, म्हाताऱ्याला मारलेल्या दगडांचं, स्टेशनावर न गेल्याचं. तोंडातून एवढंच निघालं, "बाई, तुह्या बोटात सुई मीच खुपसली."

"मले दिसली ना," ती म्हणाली. "कळली नाही, पन दिसली."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. तेव्हाही नाही आणि नंतर वीस वर्षं जगली त्यातही नाही. मी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं.

तिनं तुकडा पुन्हा सरळ केला. एका पानाखाली तपकिरी ठिपका होता, धुऊनही न गेलेला. तिनं तळव्यानं तो माझ्यापुढे धरला.

"हे काय?"

"रक्त. सुई लागली."

"कुठं?"

मी डावी करंगळी दाखवली. तिनं ती आपल्या दोन तळव्यांत धरली आणि जवळ नेऊन बघितली. बारीक काळे ठिपके होते, बरेच.

"दुखलं?"

"हो."

"लय?"

"लय दुखलं, बाई."

तिनं बोट सोडलं नाही. ऊन बाकड्यावर आलं होतं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "कसं दुखते, सांग ना वो. मले आता आठवत नाही."